बारा शब्दांचं पाकीट

निवृत्त माणसानं काय करू नये, हे आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत कोणीही सांगेल. पाण्याच्या टाकीत वाकून पाहू नये, दुसऱ्याच्या घरच्या लग्नात मेनू ठरवू नये, डॉक्टरला आपलं निदान आधी सांगू नये. त्यात ‘क्रिप्टोच्या पाकिटाला नवं नेटवर्क जोडू नये’ असं कलम नव्हतं, म्हणून मी फसलो. आता आहे. शेजारच्या प्रेमानंदभाऊंनी ते स्वतः घातलं आणि उदाहरण म्हणून ते माझं नाव सांगतात.

आधीच खुलासा करतो, मला पैसे कमवायचे नव्हते. त्या पाकिटात कधी एक छदामही नव्हता. प्रकरण आमच्या मुलीचं, रोशनीचं होतं. ती बंगळूरला एका छोट्या कंपनीत आहे आणि त्या कंपनीनं ‘तोरण’ नावाचं नवं ब्लॉकचेन नेटवर्क उभं केलंय. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे रोशनीनं मला अनेकदा समजावलं. मला समजलं ते असं : एक नोंदवही, जिची नक्कल सगळ्यांकडे असते आणि जिच्यात कोणालाही खाडाखोड करता येत नाही. सगळं आयुष्य सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून घालवलेल्या माणसाला ही कल्पना आधी अशक्य वाटते आणि मग थोडी अपमानकारक.

रोशनीचं काम सूचना लिहिण्याचं. फोनमधलं पाकीट, म्हणजे क्रिप्टोचे आभासी पैसे ठेवायचं ॲप, या ‘तोरण’ला कसं जोडायचं, ते साध्या माणसाला कळेल असं लिहायचं. तिनं इंग्रजी पान लिहिलं, आणि कोणी सांगितलं नसताना मराठीही लिहिलं. तिचे साहेब, ऋषी नावाचे, वयानं तिच्याएवढेच, म्हणाले की हे असलं काम करणाऱ्या सगळ्यांना इंग्रजी येतं, मराठी कोण वाचणार. त्यावर आमची मुलगी म्हणाली, माझे बाबा वाचतील. तिथं माझ्या नशिबाची नोंद झाली. ठरलं असं की बाबांनी फक्त ते मराठी पान वाचून रविवारच्या मीटिंगपर्यंत पाकीट जोडून दाखवायचं. जमलं तर सोमवारी मराठी पान जगासमोर जाणार. नाही जमलं तर एकटं इंग्रजी.

“बाबा, कोणालेच विचारायचं नाही,” ती फोनवर म्हणाली. “मलेही नाही. तुमी एकट्यानं केलं तरच त्याले अर्थ आहे.”

मी पुढचं ऐकायच्या आधीच हो म्हटलं. त्याचं कारण सांगतो. रोशनी बंगळूरला गेल्यापासून तिला आमची गरज लागेल असं काही उरलं नव्हतं. उलट आमच्या गॅसचा नंबर ती तिथून लावते, विजेचं बिल ती भरते, माझ्या बीपीच्या गोळ्याही तीच मागवते आणि संपत आल्या की मलाच आठवण करून देते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं. तिनं मला अंबाझरी तलाव पोहून जायला सांगितलं असतं तरी मी टॉवेल घेऊन निघालो असतो.

सुरुवात झकास झाली. पाकीट फोनमध्ये उतरलं. मग त्यानं बारा इंग्रजी शब्द दिले. रोशनीच्या पानावर लिहिलं होतं, हे शब्द म्हणजे पाकिटाची किल्ली, ते कागदावर उतरवा, जपून ठेवा आणि कोणालाही सांगू नका. मी दार लोटून घेऊन शब्द उतरवू लागलो. आमच्या घरात दिवसा दार लोटायची पद्धत नाही, त्यामुळे ते लोटताच वंदना, म्हणजे आमची सौ., ते उघडून आत आली.

“काहून दार लावलं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, गुप्त आहे. संसाराच्या सुरुवातीपासून माझं आधी पगाराचं, आता पेन्शनचं पासबुक, माझी शुगर आणि माझ्या भावांची भांडणं, सगळं तिच्या ताब्यात आहे. गुप्त हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. त्या संध्याकाळी माझ्या ताटात भाजी आली ती वांग्याची, आणि मला वांगं चालत नाही हे तिला माहीत आहे. जेवण होईपर्यंत शब्दांचा कागद तिच्या हातात होता.

कागद पाहून तिनं बायकोच्या नात्यानं एक रास्त मुद्दा काढला. या घरात मी ठेवलेला कागद पुन्हा सापडल्याचा इतिहास नाही. तेव्हा शब्द पाठ केलेले बरे, आणि पाठ मी करण्यापेक्षा तिनं केलेले बरे. तिला पाठांतर चालीशिवाय होत नाही. विहारातल्या महिला मंडळात ती पुढच्या रांगेत गाते. दुसऱ्या दिवशी कांदे चिरताना तिनं त्या शब्दांना चाल लावली. पहिले चार होते लेमन, किचन, अंकल, कॅमल. बाकीचे आठ मी इथं लिहीत नाही. ते पाकीट आता रद्द झालंय, तरी नको.

आता नेटवर्क जोडायचं. त्यासाठी पाच रकाने भरायचे होते. नाव, एक लांबलचक लिंक, नेटवर्कचा क्रमांक, चिन्ह आणि आणखी एक लिंक. रकाने भरणं हा माझ्या हातचा मळ. मी ते सुवाच्य भरले आणि पाकीट म्हणालं, क्रमांक अवैध आहे. मी पुन्हा भरला. पुन्हा अवैध. मी चष्मा पुसून भरला, उभं राहून भरला. कचेरीत माझ्या आकड्याला कोणी अवैध म्हटलं नव्हतं, अगदी ऑडिटवाल्यांनीही नाही.

प्रेमानंदभाऊ बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेत. नियमाप्रमाणे मी त्यांना काही विचारणार नव्हतो. मी फक्त फाटकाशी जय भीम घातला आणि सहज म्हटलं की माझ्या एका मित्राची अशी अशी अडचण आहे. ते म्हणाले, मित्राचा फोन दाखवा. मी माझा फोन दाखवला. त्यांनी तो उन्हात धरला, सावलीत धरला आणि निर्णय दिला की केवायसी झालेलं नसणार, आधारची झेरॉक्स लागेल, आणि हे काम फक्त सदरच्या बाजारात होतं. सदरला कुठं, असं विचारल्यावर ते म्हणाले की सदरला गेलं की दिसते.

मी भर एप्रिलच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, आधारच्या दोन प्रती घेऊन सदरला गेलो. मोबाइलच्या दुकानदारानं माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि हिंदीत सांगितलं की काकाजी, हे आमच्याकडे होत नाही, पण स्क्रीनवर काच लावून देऊ का. एवढं त्याचं डोकं खाल्ल्यावर नाही म्हणणं बरं दिसेना. मी काच लावून घरी आलो. प्रेमानंदभाऊंनी विचारलं, झालं का काम. मी म्हटलं, थोडं झालं.

चूक कुठं होती ते मला घरी आल्यावर, ताक पिताना दिसलं. आयुष्यभर मी कुठलाही आकडा लिहिला की त्याच्यापुढे एक तिरपी रेघ आणि एक आडवी रेघ मारत आलोय, मागाहून कोणी शून्य वाढवू नये म्हणून. हे मी करतो असं नाही, ते हातातून होतं. किराण्याच्या यादीत दोन किलो साखरेपुढेही असतं. इथं फोनवर बोटानंही तेच केलं होतं. पुन्हा पुन्हा, तेवढ्याच निष्ठेनं. मी रेघा पुसल्या आणि पाकिटानं क्रमांक निमूटपणे घेतला. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही आणि इथंही नाइलाजानं लिहितोय.

पण मग पुढची पाटी आली. तुमचा ज्या नेटवर्कवर विश्वास असेल तेच जोडा, नाही तर फसवणूक होऊ शकते. खाली दोन बटणं, एक जोडण्याचं, एक मागं फिरण्याचं. माझं बोट तिथंच थांबलं. विश्वास म्हणजे कोणाचा? कचेरीत विश्वासाला सही लागते, सहीखाली शिक्का लागतो. असा परस्पर विश्वास ठेवायचे अधिकार हेडक्लार्कला कधीच नव्हते. तेव्हा कोणीतरी अधिकृत माणसानं एकदा पाहिलेलं बरं, असं ठरवून मी माझी पेन्शन जिथं जमा होते त्या बँकेत गेलो.

तिथं मेघा मॅडम म्हणून एक तरुण अधिकारी आहेत, अतिशय प्रेमळ. त्यांना नुकतंच ऑनलाइन फसवणुकीचं प्रशिक्षण मिळालं होतं. मी ‘क्रिप्टो’ म्हटलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, मला चहा मागवला आणि एका चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढे सरकवलं : ‘घाबरू नका. तुम्हाला कोणी फोनवरून धमकावत असेल तर फक्त मान हलवा.’ मला मानेचा जुना त्रास आहे. थंड हवेत बसलं की ती अधूनमधून मोकळी करावी लागते, आणि त्यांच्या टेबलावर एसी थेट माझ्या मानेवर येत होता.

पुढं जे झालं ते माणुसकीच्या पोटी झालं, एवढंच म्हणतो. माझा फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला गेला. वॉचमन माझ्या खुर्चीमागं उभा राहिला. काउंटरवरचे लोक माझ्याकडे दवाखान्यात पाहतात तसं पाहू लागले, आणि एका बाईंनी मला आपल्या पिशवीतलं संत्रं दिलं. बँकेनं घरी फोन केला. वंदना कणकेच्या हातानं, प्रेमानंदभाऊंच्या स्कूटरवर बसून आली. तिला जिन्यातच सांगण्यात आलं होतं की घाबरू नका, पैसे वाचलेत.

मी सगळ्यांना समजावलं की हे माझ्या मुलीचं काम आहे. मेघा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “काका, ती तुमची मुलगीच आहे, हे तुमाले कशावरून माहीत? आजकाल आवाजही नकली काढून राहिले.”

मी हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य स्कूटरमागं रिक्षात माझ्याबरोबर बसून आलं. खरंच, कशावरून? रोशनीचे फोन अलीकडे छोटे झाले होते. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. एवढं तर कोणीही बोलू शकेल. संध्याकाळी मी तिला फोन लावला. तिनं हॅलो म्हणताच मी आवाज कडक करून म्हटलं की एका प्रश्नाचं उत्तर दे, मग पुढं बोलू.

“तू पहिल्यांदा बंगळूरले गेली, तवा स्टेशनवर कोण रडलं होतं?”

मला ‘आई’ हे उत्तर अपेक्षित होतं. वंदना त्या दिवशी इतकी रडली होती की डब्यातल्या बायांनी तिला धीर दिला होता.

“आई तर रडलीच,” रोशनी म्हणाली. “पण तुमी पाण्याची बाटली आणाले गेले अन् गाडी सुटेपर्यंत वापस आलेच नाही. आई म्हणे, नळावर गर्दी असन. मले खिडकीतून दिसत होते तुमी, बाबा. खांबाच्या मागं.”

मला ते माहीत नव्हतं. म्हणजे खांब माहीत होता, खिडकी माहीत नव्हती. एवढी वर्षं मी समजत होतो की तो प्रकार फक्त मला आणि त्या खांबाला ठाऊक आहे. तिनंच विचारलं की हे सगळं काहून विचारून राहिले. मग मी तिला झेरॉक्सपासून संत्र्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

“राहू द्या, बाबा,” ती म्हणाली. “तुमाले एवढा त्रास झाला म्हणजे माझंच लिहिणं बरोबर नसन. मी ऋषीले सांगून देते, मराठी पान तयार नाही म्हणून.”

मुलगी परीक्षेत नापास झाली असती तर मी रागावलो असतो. पण इथं ती माझ्यामुळे नापास होत होती आणि वर मलाच सांभाळून घेत होती. हे मला फार लागलं. मी म्हटलं, रविवार अजून आलेला नाही, तोवर तुझ्या साहेबाशी एक अक्षर बोलायचं नाही. तिनं बरं म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता.

शनिवारी सकाळी मी ताजातवाना होऊन बसलो. विश्वासाचा प्रश्न माझ्यापुरता सुटला होता. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं, आणि ते मी रविवारी, साहेबांच्या समोर, रुबाबात दाबणार होतो. तेवढ्यात खिडकीतून प्रेमानंदभाऊंचा आवाज आला. ते स्कूटर धूत होते आणि गात होते. “लेमन, किचन, अंकल, कॅमल.” पुढचे आठही होते, बिनचूक.

चौकशीअंती उलगडलं ते असं. आदल्या दिवशी आमच्या गच्चीवर कुरड्या होत्या. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया एकेका घरी जमून कुरड्या घालतात, आणि सोऱ्या दाबताना तोंडानं काहीतरी गात असतात. वंदनाच्या तोंडून नकळत आमची किल्ली बाहेर पडली. प्रेमानंदभाऊंच्या सौ., कामिनीताई, यांना ते इंग्रजी शाळेतलं बालगीत वाटलं. सगळ्यांचीच नातवंडं इंग्रजी शाळेत आणि कोणालाच इंग्रजी गाणी येत नाहीत, त्यामुळे त्यांनी ते लगेच उचललं. त्यात चालीसाठी ‘वं’ घातलं, लेमन वं, किचन वं, आणि कुरड्या वाळायच्या आत ते गीत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचलं. संध्याकाळी पाळणाघरात म्हटलं गेलं. एवढा झपाट्यानं प्रसार कोणत्याच सरकारी परिपत्रकाचा झालेला मी पाहिला नाही.

वंदना स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी मागं गेलो तर ती डोळे पुसत होती. “पोरीनं एक काम सांगतलं अन् मी त्याचं गाणं करून टाकलं,” ती म्हणाली. मी तिला रोशनीचं पान वाचून दाखवलं. त्यात सरळ लिहिलं होतं की शब्द दुसऱ्या कोणाला कळले तर घाबरू नका, ते पाकीट सोडून द्या आणि नवं उघडा. पोरीनं आपली सोय आधीच करून ठेवली होती. वंदनानं ते वाक्य स्वतः एकदा वाचलं, मग नाक पुसून म्हणाली की लिहिते मात्र चांगलं.

रविवारी मीटिंगच्या वेळेला आमच्या बैठकीच्या खोलीत अर्धी गल्ली होती. त्यांना बोलावलं कोणी नव्हतं, पण बँकेपासून प्रकरण सार्वजनिक झालं होतं. लॅपटॉपवर एका चौकटीत रोशनी आणि दुसरीत ऋषीसाहेब दिसले. दाढीवाला, सभ्य पोरगा. त्याला मराठी अजिबात येत नव्हतं. रोशनीनं त्याला इंग्रजीत सांगितलं की बाबांना पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार आहे. का, ते तिनं सांगितलं नाही. मग मला म्हणाली, सुरू करा.

मी फोन हातात घेतला. बारा नवे शब्द येण्याची वेळ झाली तशी वंदना उठली. “चला वं, सगळ्या बाहेर,” ती म्हणाली, आणि सगळ्यात आधी स्वतः बाहेर गेली. तिनं बाहेरून दार लोटलं. कूलरच्या आवाजानं माझं चित्त विचलित होऊ नये म्हणून प्रेमानंदभाऊंनी तो बंद केला होता. बाहेर त्या उकाड्यात एवढी माणसं उभी होती आणि आमच्या गल्लीत पहिल्यांदा कोणी कोणाला सल्ला देत नव्हतं.

मी शब्द उतरवले. कागद खिशात ठेवला. पाच रकाने भरले. क्रमांक लिहिल्यावर बोट तिरप्या रेघेकडे निघालं होतं, त्याला आवरलं. पाकिटानं क्रमांक घेतला. मग ती पाटी आली. तुमचा ज्या नेटवर्कवर विश्वास असेल तेच जोडा.

मी मान वर केली. लॅपटॉपवर रोशनी होती. केस कापलेले होते, हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती अंगठ्याचं नख कुरतडत होती, गणिताच्या पेपरच्या दिवशी कुरतडायची तसं. फोनवर जेवलात का, गोळी घेतली का विचारणारी ही पोरगी स्वतः नीट जेवत नसावी. मी किती वेळ पाहत होतो, मला कळलं नाही. मग बटण दाबलं. फोननं सांगितलं, तोरण जोडलं गेलं.

बाहेरून कोणीतरी टाळी वाजवली आणि त्या टाळीला गप्प करण्यात आलं. पण ऋषीसाहेब हसले नव्हते. ते कपाळाला आठी घालून काही लिहीत होते. त्यांनी हिंदीत विचारलं, अंकलजी, बाकी सगळं तुम्ही भराभर केलंत, पण त्या शेवटच्या पाटीपाशी खूप वेळ थांबलात, तिथली सूचना समजली नाही का? रोशनीचा अंगठा तोंडातून खाली आला. तिचं पान तिथं अडकलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

मला हिंदी येतं, पण त्या वेळेला आलं नाही. “त्याले सांग,” मी रोशनीला म्हटलं, “तिथं लिहिलं होतं, विश्वास असन तरच जोडा. म्हणून मी पोरीकडं पाहून राहिलो होतो. लय दिवसांनी एवढा वेळ दिसली.”

रोशनी खाली पाहू लागली. मग तिनं त्याला इंग्रजीत सांगितलं की बाबा म्हणताहेत, सूचना अगदी स्पष्ट होती, त्यांनी फक्त नीट विचार करून बटण दाबलं.

ऋषीसाहेबांनी मान डोलावली, उद्या दोन्ही पानं जातील म्हणाले, आणि माझे आभार मानून त्यांची चौकट बंद झाली. इंग्रजीचे मसुदे तपासण्यात माझं आयुष्य गेलंय. एवढं इंग्रजी मला कळतं, आणि मी तसं काहीही म्हटलं नव्हतं. मूळ मजकूर आणि भाषांतर यांत इतकी तफावत असलेला कागद मी कचेरीत कोणाच्याही बापाचा असला तरी परत पाठवला असता. त्या दिवशी मी तो तसाच मंजूर केला, आणि रोशनीचे डोळे पुसून होईपर्यंत आम्ही दोघंही समोरासमोर बसून राहिलो.